नव्या बागेचं पहिलं पाणी

बाबा, काल तुमचा जावई आला होता. बदनेऱ्याला गाडीतून उतरला आणि टांगा करून थेट बागेत आला, संगे आपली बाई, माझी बहीण. बाईचे केस पार पांढरे झाले आहेत, तुम्ही तिला चटकन ओळखलं नसतं. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणतो, अहो-जाहो करतो, पण मनात तो पहिल्या दिवसापासून 'तो'च आहे, आणि तुम्हाला लिहिताना तरी सोंग कशाला आणू? त्याला मी बोलावलं नव्हतं. माझ्या मुलानं बोलावलं. पोरानं संत्र्याची कलमं लावून सहा वर्षं झाली, यंदा फळांचा पहिला बहार धरायचा होता, आणि या बहाद्दरानं मला न विचारता बार्शीटाकळीला कार्ड टाकलं की आमच्या बागेचं पहिलं पाणी तुमच्या हातचं पाहिजे. कार्ड गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं, आणि जुना मत्सर पुन्हा वर आला. पन्नाशी उलटली, चार दात पडले, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खरं. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी अजून त्याच माणसावर जळतो.

पहिलं पाणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण मला ते आठवायला आवडतं. मार्गशीर्ष लागला की तुम्ही मोट बंद करायचात. झाडांचं पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं, आणि मग नुसतं पाहत राहायचं. काळ्या मातीला भेगा पडायच्या, पानं मलूल होऊन गळू लागायची. ताण बसलेलं झाड पाणी मिळताच फुलतं, एवढंच त्यातलं गुपित. पण ते पाणी नेमकं कधी द्यायचं, यात माळ्याचा कस. घाई केली तर नुसता पाला फुटतो, उशीर केला तर झाड खचतं. तुमचा ठोकताळा होता: चौथाई पान खाली आलं की पाणी. तुम्ही भल्या सकाळी धोतर खोचून झाडाखाली उकिडवे बसायचात, गळालेली पानं हातानं चाळायचात आणि कधी चुकायचा नाहीत. इतका शहाणा माणूस, आणि त्याच माणसाची पक्की समजूत की पहिल्या पाण्याचा पाट ज्याच्या फावड्यानं फुटतो, त्याच्या पायगुणावर फूल येतं. नवरीचा पायगुण पाहतात हे सगळीकडे ऐकलं आहे. तुम्ही जावयाचा पाहिलात.

बाईच्या लग्नानंतर तो पहिल्यांदा आपल्याकडे पाहुणा म्हणून आला, तेव्हा नेमके ताण तोडायचे दिवस होते. पाहुण्याचा मान म्हणून तुम्ही फावडं त्याच्या हाती दिलंत. त्या वर्षी थंडी चांगली पडली होती, ताण तुमच्या स्वतःच्या नजरेखाली बसला होता, फूल येणारच होतं. आलंही तसंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि तुम्ही कावळ्यालाच घरी ठेवून घेतलंत! चार भावांत त्याचा भाजीचा एवढासा मळा, त्याला काय, तो राहिला. गावात लोक हसायचे, पोटचा पोरगा असताना घरजावई कशाला म्हणून. आई नव्हती, बाई घरात राहिली तर चूल पेटती राहील हेही तुमच्या मनात असेल. पण दर वर्षी बाई काही फावडं घेत नव्हती, तो घेत होता. मी बाजूला उभा राहून नारळ फोडायचो. माझ्या जन्माच्या वर्षी विहीर आटली होती, हे तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत. बाईनं एकदा भांडणात सांगितलं, तेव्हा कळलं की फावडं माझ्या हाती का येत नाही.

माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो कामाला वाघ, बोलायला कमी, तुमच्यासमोर कधी खाटेवर बसला नाही. पण तुम्ही त्याला 'जवाईबापू, तुमाले काय वाटते?' असं विचारायचात, आणि मला 'ए, बैल सोड' म्हणायचात. पिकतं तिथं विकत नाही, तसं माझं झालं होतं. पहिली भाकर त्याच्या ताटात, साय त्याच्या वाटीत. मी एवढा थोर की त्याच्या वाटीतली साय मोजायचो, माझं लग्न ठरलं होतं तरी. एका दुपारी स्वयंपाकघरात आपण तिघं जेवायला बसलो होतो आणि बाई वाढत होती. मी ताट पुढे सरकवून म्हटलं, "नाल्यापलीकडची नवी बाग मी लावली. मडक्यानं पाणी घालून जगवली. तिचा यंदा पहिला बहार हाय. तिचं पाणी माह्या हातचं पाह्यजे." तुम्ही घास चावत राहिलात. मग शांतपणे म्हणालात, "हात हाय बापा तुले. पायगुण कुठून आणशीन?"

बाईनं वाढायची भाकर परत टोपल्यात ठेवली. मला तोंड वर करवेना. त्या वेळी तो बोलला, "देऊ द्या ना, मामाजी, त्याले. त्याची मेहनत हाय. जुनी बाग मी पाह्यतो, नवी त्याची." आणि तुम्ही लगेच, "तुमी म्हनता त देऊ" म्हणून मोकळे. बाबा, मी तुमच्याकडे मागितलं ते तुम्ही नाही म्हणालात, तेच त्यानं मागितलं तर दिलंत. मला हवी ती गोष्ट मला त्याच्या हातून दान म्हणून मिळाली. तुमचं बोलणं मी कधीच विसरून गेलो असतो, त्याचा चांगुलपणा मला विसरता आला नाही.

आता जे सांगतो ते मी कोणापाशी बोललो नाही. त्या वर्षी दोन्ही बागांचं पाणी एकाच दिवशी तोडलं होतं. जुन्या बागेला त्यानं वेळेवर पाणी दिलं. नवी बाग नाल्याच्या वरच्या अंगाला, माती जरा भारी, तिला चार-पाच दिवस जास्त लागणार हे मलाही दिसत होतं. जुन्या बागेच्या पाण्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मी तुमच्यासारखाच उकिडवा बसून पानं चाळली. चौथाई पान खाली आलं होतं. मी ठरवलं, उद्या सकाळी पाणी. गड्याला बैल तयार ठेवायला सांगितलं, नारळ आणून ठेवला, फावड्याला नवा दांडा बसवला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल. आणि दिवस मावळायच्या आधी तो बांधावरून चालत आला, एका झाडाखाली वाकला, पानं हातात घेतली आणि म्हणाला, "भाऊ, झालं. उद्या पानी देऊन टाका." बस. एवढंच म्हणाला. बरोबर म्हणाला. मी ठरवलेलाच दिवस त्यानं सांगितला, आणि तिथं माझं डोकं फिरलं. उद्या पाणी दिलं तर ते त्याच्या सांगण्यावरून दिल्यासारखं होणार होतं. फूल आलं तरी तुम्ही म्हणणार, जवाईबापूनं दिवस सांगितला होता. मी म्हटलं, "नाही, अजून ताण बसाचा हाय." तो हातातली पानं खाली टाकून निघून गेला. गड्याला मी बैल नको म्हणून सांगितलं.

एक दिवस थांबून पाणी दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी वाटलं, इतक्या लवकर माघार घेतली तर तो मनात हसेल. तिसऱ्या दिवशीही तेच. मग जितका उशीर होत गेला तितकं पाणी देणं कठीण होत गेलं, कारण देणं म्हणजे आधीचे सगळे दिवस चुकलो हे कबूल करणं. तुम्ही नाल्यापलीकडे आला नाहीत. शब्द दिला होता ना, नवी बाग माझी म्हणून. मी रोज सकाळी जातो, पानं पायाखाली वाजतात, फांद्यांतून पलीकडचं आभाळ दिसायला लागतं, आणि मी परत येतो. ठरलेला दिवस टळल्याच्या नवव्या दिवशी बाई माझी भाकर घेऊन आली. तिनं भाकर खाली ठेवली आणि झाडांकडे पाहत राहिली. "काहून छळून राह्यला रे झाडायले? त्यायनं काय केलं तुह्यं?" मी तिला घालवून दिलं. बाराव्या दिवशी पाट फोडला. पाणी भेगांतून असं खाली गेलं की आळी भरायलाच तयार होईनात.

आणि काय फूल आलं, बाबा! तसं फूल ना आधी कोणी पाहिलं होतं ना नंतर. पानाचा पत्ता नाही, झाडं नुसती पांढरी. वाटेनं जाणारी माणसं गाड्या थांबवून बघायची. तुम्ही आलात, काठी टेकून उभे राहिलात, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. चार लोकांत, तो शेजारी उभा असताना तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "माह्या पोराच्या हाताले यश हाय. मीच आंधळा होतो." आठ दिवसांनी तुम्ही मला राजापेठेत नेऊन शिंप्याकडून काळा कोट शिवून घेतलात. त्याला तुम्ही कधी कोट शिवला नव्हता. मी तो कोट चैत्राच्या उन्हात घालून बागेत फिरायचो, घामानं भिजून जायचो आणि काढायचो नाही. फक्त एकदा, आम्ही दोघंच असताना, तो एक फांदी हातात धरून म्हणाला होता, "फूल लय हाय, भाऊ. पन हे खुशीचं फूल नाही. मराच्या भेवानं फुललं झाड." मी म्हटलं, "तुमच्या पोटात काहून दुखते?" मी! त्याला विचारलं!

मग तुम्ही जाहीर करून टाकलंत की पुढच्या वर्षापासून दोन्ही बागांचं पहिलं पाणी पोराच्या हातचं. जे फुकटच्या समजुतीवर त्याला दिलं होतं ते तसल्याच समजुतीवर काढून घेतलंत. सहा वर्षं त्यानं केलेली मेहनत तुम्हाला आठवली नाही. पायगुण फिरला, एवढं म्हणालात. तो भांडला नाही. आखाजीचा सण झाला आणि त्यानं बार्शीटाकळीला भावांत परत जायचं ठरवलं. बाई गाडीत बसली ती माझ्याकडे पाठ करून. तो मात्र उतरून माझ्यापाशी आला. "नव्या बागेले आता पुढचा बहार नका धरू. झाडायले आराम देजा, दोन वर्सं." तुम्ही ओळखलंच असेल मी काय केलं ते. त्यानं नको म्हटलं म्हणून मी बहार धरला.

पहिल्या वर्षीची फळं सुपारीएवढी होऊन गळाली होती. दुसऱ्या वर्षी फूलच कमी आलं. तिसऱ्या वर्षी शेंडे वरून वाळत खाली यायला लागले आणि चौथ्या वर्षी नव्या बागेत मी कुऱ्हाड चालवली. तुम्ही ओट्यावर बसून ऐकत होतात. म्हणालात, "तो गेला आन् लक्ष्मी घेऊन गेला. असा पायगुणाचा मानूस मी हातानं घालवला." बाबा, पाप मी केलं आणि त्याचंही श्रेय तुम्ही त्यालाच दिलंत. मी त्या वेळी सांगू शकलो असतो की पायगुण वगैरे काही नाही, मी बारा दिवस झाडांना पाण्यावाचून मारलं. पण मग तुम्ही विचारलं असतंत, का मारलं. त्यापेक्षा पायगुणाचं खोटं चालू ठेवणं मला बरं वाटलं. ते ऐकताना आतून रोज जळायचो, तरी बरं वाटलं.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही तीन दिवस त्याचंच नाव घेत होतात. मी पाय चेपत होतो, माझी बायको पेज भरवत होती, आणि तुम्ही डोळे मिटून म्हणत होतात, "जवाईबापूले आन. एकडाव येऊन जाय म्हना. माहं चुकलं म्हना." मी निघालो. अकोल्याला उतरलो, पुढे एका ओळखीच्याच्या बैलांच्या दमणीत बसून बार्शीटाकळीला गेलो. मळा सापडला. बांधावर बाभळीपाशी उभा राहिलो तर तो वांग्यांना पाणी देत होता, बाई पलीकडे भाजीच्या जुड्या बांधत होती, आणि दोघं कशावरून तरी हसत होती. आपल्या घरात चार वर्षांत कोणी हसलं नव्हतं. मला वाटलं होतं, हा माणूस तिकडे झुरत असेल. याचं तर सगळं बरं चाललं आहे, आणि वर तुम्हालाही मरताना हाच पाहिजे! मी किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. मग तसाच मागे फिरलो. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, "नाही म्हनले ते." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. "नाही म्हननारा मानूस नाही तो," म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्याला ती दोघं आली, रडली, आणि मी त्यांना म्हटलं की सगळं फार अचानक झालं.

काल सकाळी त्यानं माझ्या मुलाच्या बागेत पाट फोडला. फावडं त्याला नीट उचलत नव्हतं, पोरानं मागून आधार दिला. पाणी थोडंच सोडलं, पहिलं पाणी हलकंच द्यायचं असतं ना. मग पोरगा आणि बाई घराकडे गेली आणि आम्ही दोघं बांधावर बसलो. त्यानं तंबाखू मळली, अर्धी मला दिली. मी मनाशी ठरवूनच आलो होतो. म्हटलं, "भाऊजी, बाबा गेले त्याच्या आधी मी बार्शीटाकळीले आलतो." तो म्हणाला, "मालूम हाय. बाभळीपाशी उभे होते तुमी. हे वाफे भरून येतो म्हनलं, पाह्यतो त तुमी नाही. तुमच्या बहिनीले मी सांगतलं नाही. तिले लागलं असतं." बावीस वर्षं त्याला ठाऊक होतं, आणि दर दिवाळीला तो माझ्या मुलाला कपडे पाठवत होता.

मग तो मातीकडे पाहत म्हणाला, "एक इचारू? काहून आलते तुमी? मामाजीनं काही निरोप देल्ला होता काय?"

आता तुम्ही तरी मला सांगा, हे देणं किती जड होतं. तुमच्या शेवटच्या तीन दिवसांत माझं नाव एकदाही नव्हतं. ते सगळं त्याचं होतं, आणि आजवर ते माझ्यापाशी दाबून ठेवलेलं होतं म्हणून निदान माझ्या ताब्यात तरी होतं. पण तो म्हातारा झाला आहे, बाबा. विचारतानासुद्धा त्याला भीती वाटत होती, मी नाही म्हणेन याची. मी सांगितलं. तुम्ही त्याला बोलावलं होतंत, चुकलो म्हणाला होतात, आणि मी बांधावरून परत गेलो होतो, हे सगळं सांगितलं. बारा दिवसांचंही सांगितलं. तो उपरण्यात तोंड घालून लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळानं तोंड पुसून म्हणाला, "मामाजी आजून काय म्हनले?"

आणि तिथं माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हनले, माह्या दोन्ही पोरायले बोलवा."

हे तुम्ही म्हणाला नव्हतात. त्यानं मान हलवली, त्याला ते अगदी पटलं. आता हे खोटं आहे हे ठाऊक असलेला या जगात मी एकटा उरलो आहे, आणि हे कार्ड टाकायला तुमचा पत्ता माझ्याजवळ नाही.